'लोड घेऊ नको भावा' म्हटल्यानं बीपी उतरत नाही

कोल्हापुरात कुणी अडचणीत दिसला की पहिलं वाक्य हेच. म्हणतात सगळे मायेनंच. पण ज्याच्या डोक्यावर अडकलेलं ऊसबिल, फाउंड्रीतली नाईट शिफ्ट आणि बँकेचा हप्ता आहे, त्याच्या शरीराला हे वाक्य ऐकूच जात नाही. ताण अंगात भरतो आणि तो अंगातूनच उतरवावा लागतो.

खासबागेत शड्डू ठोकणारा पैलवान डोळ्यांपुढं आणा. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल सोडतात. नाडी वाढते, यकृतातली साखर रक्तात येते, पचन मंदावतं. कुस्ती होते, साखर खर्ची पडते, हळूहळू सगळं जागेवर येतं. हप्त्याचा फोन आल्यावर खुर्चीतल्या माणसाच्या अंगातही हेच घडतं, पण त्याची कुस्ती लागतही नाही आणि सुटतही नाही. महिनोन्‌महिने असं चाललं की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, पोटावर चरबी साचते, बीपी चढं राहतं, मान आखडते, पहाटे तीनला झोप मोडते.

पहिला उपाय श्वासाचा, कारण हृदयाची गती आपल्याला थेट बदलता येत नाही, श्वासाची येते. श्वास सोडताना नाडी थोडी संथ होते, म्हणून सोडणं लांबवायचं. नाकानं चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. लोक इथं एक चूक हमखास करतात: छाती फुगवून जोरजोरात श्वास घेतात. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, आणि माणूस आणखी घाबरतो. श्वास हलका ठेवा. पोटावर हात ठेवला तर तो अलगद वर-खाली व्हायला हवा, खांदे हलता कामा नयेत.

दुसरं, अंगात आलेली साखर वापरा. रंकाळ्यावर आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास, भरभर चाला. बोलता येतं पण गाता येत नाही, एवढा वेग बास. चालून झाल्यावर मिसळीवर बसायची सवय मात्र रोजची नको.

चहाचं सांगितलं की आपल्याकडं राग येतो, तरी सांगतो. अंगातलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं रात्री अकरालाही रक्तात असतं. दुपारी दोननंतर नको. क्वार्टरनं झोप लागते खरी, पण उत्तररात्री मोडते. मावा आणि मिश्रीनं बरं वाटतं ते तलफ भागल्यामुळं; निकोटीन नाडी आणि बीपी वाढवतंच. घरातल्या बायका मिश्री लावतात, त्यांच्या बीपीचा आणि तिचा संबंध कुणी जोडत नाही, याचं फार वाईट वाटतं.

अंथरुणात वीस मिनिटं डोळा लागला नाही तर उठा, मंद उजेडात बसा, झोप आली की परत जा. उठायची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीसुद्धा.

आणि बीपी मोजा, पण नीट. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवी करून यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं. पाय जमिनीवर, हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा जास्त येतो. सकाळ-संध्याकाळ, एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा, सलग सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी 135/85 किंवा त्याच्या वर गेली तर वही घेऊन डॉक्टरांकडं जा. गोळी चालू असेल तर श्वासाच्या भरवशावर ती बंद करू नका. धडधड, थकवा, वजनात बदल असेल तर थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या. दर वेळी टेन्शनच असतं असं नाही.

मन जड झालं असेल, दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल, तर 14416 ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं.

छातीत दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ आली तर 'गॅस असेल' म्हणून सोडा पीत बसू नका. 108 ला फोन करा, आणि गाडी स्वतः चालवत जाऊ नका.