डेव्हिड बर्न आणि उघडा रंगमंच

टॉकिंग हेड्स या बँडचे गायक डेव्हिड बर्न उतारवयात रॉक सोडून ब्रॉडवेचे, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीचे, शोमन झाले, असे सर्रास लिहिले जाते. मला ते पटत नाही. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबात रमोन्स या पंक बँडच्या आधी गायला उभे राहिले तेव्हापासून, रंगमंचावर माणसाने नेमके काय करायचे, हाच प्रश्न ते सोडवत आले आहेत. चामडी जाकीट आणि उगारलेली गिटार हे रॉकचे ठरीव उत्तर त्यांनी तेव्हाच नाकारले होते.

त्यांचे स्वतःचे उत्तर दिसते ते डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात झालेल्या आणि दिग्दर्शक जोनाथन डेमी यांनी ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ या चित्रपटासाठी चित्रित केलेल्या प्रयोगांत. रंगमंच उघडा, मागची भिंतही झाकलेली नाही. बर्न एकटे येतात, टेपरेकॉर्डर खाली ठेवतात आणि गिटारवर गाऊ लागतात. पुढच्या गाण्याला टीना वेमाउथ बास घेऊन येतात, मग ड्रमवादक क्रिस फ्रँट्झ, मग बँडचे चौथे सदस्य जेरी हॅरिसन, आणि मधल्या काळात काळ्या कपड्यांतले कामगार वाद्यांचे चौथरे आपल्या डोळ्यांदेखत ढकलत आणतात. प्रयोग कसा उभा राहतो हे दाखवणे, हाच इथे प्रयोग आहे. ज्याची सर्वाधिक चर्चा होते तो बर्न यांचा अवाढव्य सूट (त्याचे मूळ जपानी नोह नाट्यात आहे) मला त्यापुढे दुय्यम वाटतो.

त्याआधी ट्वायला थार्प यांच्या नृत्यासाठी केलेले संगीत, नंतर रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबरचे नाट्यकाम, ‘द लास्ट एम्परर’ या चित्रपटाच्या संगीताचे सामायिक ऑस्कर, लुआका बॉप ही रेकॉर्ड कंपनी, हा पसारा विखुरलेला दिसतो खरा. पण त्यातल्या नृत्य-नाट्याच्या कामाशिवाय २०१९ चा ‘अमेरिकन यूटोपिया’ हा रंगमंचीय संगीतप्रयोग घडला असता, असे मला वाटत नाही. ब्रॉडवेच्या हडसन थिएटरात बर्न आणि त्यांचे ११ सहकारी करड्या सुटांत, अनवाणी, वाद्ये अंगावर बांधून वावरत होते. ड्रमसेटचे भाग अनेक वादकांत वाटून दिल्यामुळे आणि एकही तार जमिनीवर नसल्यामुळे अख्खा बँड ॲनी-बी पार्सन यांच्या नृत्यसंरचनेनुसार मोकळेपणी फिरू शकत होता. हे सगळे ध्वनिमुद्रित असावे, अशी शंका काहींना येई. म्हणून बर्न मध्येच थांबून एकेक वाद्य वेगळे ऐकवत आणि त्यांतून गाणे पुन्हा रचून दाखवत.

म्हणूनच २०२३ मध्ये, फिलिपिन्सच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस यांच्यावरचे त्यांचे ‘हिअर लाइज लव्ह’ हे संगीत नाटक ब्रॉडवेवर ध्वनिमुद्रित संगीतावर सादर करण्याचा बेत झाला, तेव्हा मला तो खटकला. डिस्को आणि कॅरिओकी हाच त्या नाटकाचा श्वास असल्याने मुद्रित संगीत योग्य, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. तरीही वादकांच्या संघटनेने हरकत घेतल्यानंतर तडजोड होऊन वादक घेतले गेले, याचा मला आनंदच झाला. तो आग्रह खरे तर बर्न यांनी स्वतःच धरायला हवा होता.