टेम्प-प्रीफेच उडवून स्पायवेअर जात नाही हो!

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. घरच्या कॉम्प्युटरवर स्पायवेअर, म्हणजे गुपचूप आपल्यावर नजर ठेवणारा प्रोग्राम, आला असेल तर विंडोजच्या रन बॉक्समध्ये टेम्प, पर्सेंट-टेम्प आणि प्रीफेच टाकून दिसेल ते डिलीट मारा, वरून दोन अँटिव्हायरस टाका, बँकेचं काम इन्कॉग्निटोत करा, तरी नाही गेला तर फॉरमॅट, विषय संपला. संपत नाही.

टेम्पपासून बघू. तिथे इन्स्टॉलरने सोडलेला कचरा असतो, तो काढलात तर जागा मिळेल, वाईट काही नाही. पण स्पायवेअर एकदा चालू झाला की आपोआप पुन्हा चालेल अशी आपली सोय दुसरीकडे लावतो, स्टार्टअपमध्ये, टास्क शेड्युलरमध्ये, सर्व्हिस म्हणून नाहीतर ब्राउझरचं एक्स्टेंशन म्हणून. आणि समजा तो टेम्पमधूनच चालतोय, तरी चालू असलेली फाईल विंडोज डिलीट करू देत नाही, फाईल वापरात आहे म्हणून सांगतं आणि आपण सगळे काय करतो तर स्किप दाबतो, म्हणजे नेमकी जी जायला हवी तीच राहते!

प्रीफेचचा तर बिचाऱ्याचा संबंधच नाही. कुठला प्रोग्राम सुरू होताना कुठल्या फाइली लागतात याची नोंद विंडोज तिथे ठेवतं, एक्सपीपासून म्हणजे २००१ पासून. ती उडवली की प्रोग्राम पुढच्या वेळी उलट हळू उघडतात. मशीनवर काय काय चाललं होतं हे शोधणारे फॉरेन्सिकवाले हीच नोंद बघतात, ती आपण आपल्या हाताने पुसायची.

दोन अँटिव्हायरस नकोत. दोघेही प्रत्येक फाईल तपासायला धावतात आणि जुनं मशीन मान टाकतं. एकच ठेवा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर असेल तर त्यात ऑफलाइन स्कॅन म्हणून ऑप्शन आहे तो कोणी वापरतच नाही, त्यात मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच स्कॅन होतो, साधारण १५ मिनिटं लागतात, आणि तेव्हा स्पायवेअर चालू नसल्यामुळे त्याला लपायला कमी वाव मिळतो. फुकट टूल हवं असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे, तिथून घ्या, कुठल्याही जाहिरातीतून नको.

इन्कॉग्निटोने हिस्टरी लपते ती घरच्यांपासून. कीलॉगर जातीचा स्पायवेअर कीबोर्डची बटणं दाबतानाच टिपतो, त्याला खिडकी कुठली उघडलीय याच्याशी देणंघेणं नाही.

फॉरमॅटचं अर्धंच बरोबर आहे. सी ड्राइव्ह साफ होतो, पण डी ड्राइव्हमधला तो क्रॅक केलेला फोटो एडिटर तसाच असतो (अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉल करा असं सांगणारा, तोच तो), आणि क्रोममध्ये साइन इन केलं की सिंक होऊन तेच एक्स्टेंशन परत हजर. शिवाय पासवर्ड आधीच गेले असतील तर ते फॉरमॅटने परत येत नाहीत. ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला आणि सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, कारण चोरलेली कुकी (ब्राउझरने जपलेली लॉगिनची खूण) असेल तर ओटीपी न विचारता अकाउंट उघडू शकतं. बँकेतून पैसेच गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

आणि उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या पीसीत व्हायरस आहे' म्हणून जे येत राहतं ते बऱ्याचदा स्पायवेअर नसतंच, कोणीतरी कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशन अलाउ केलेलं असतं, ब्राउझरच्या सेटिंगमधून ती साइट काढली की गप्प.

मेसेजमध्ये एक गोष्ट नाहीच, ती म्हणजे आख्खं घर एकाच अ‍ॅडमिन अकाउंटवर बसतं. मुलांना, आजोबांना, प्रत्येकाला वेगळं स्टँडर्ड अकाउंट द्या आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकाकडेच ठेवा. काहीतरी तरीही घुसू शकतं, पण ते बहुतेक त्या एका अकाउंटपुरतं राहतं, म्हणून साफ करताना प्रत्येकाचं अकाउंट उघडून त्यातली एक्स्टेंशनं बघा, फक्त तुमचं नाही.

आणि नजर ठेवायला स्पायवेअर घरातल्याच कोणी टाकलाय असा संशय असेल तर आधी काढूच नका. काढला की टाकणाऱ्याला कळतं, पुरावाही जातो. धोका वाटत असेल तर त्या कॉम्प्युटरवर काही शोधायचं नाही, आणि जिच्यावर नजर ठेवली जातेय ती बाई असेल तर तिने दुसऱ्या कोणाच्या फोनवरून १८१, म्हणजे महिला हेल्पलाइनचा नंबर लावायचा.