वस्तीच्या नावावरचे जुने शिक्के

राहण्याचे ठिकाण सांगताच समोरच्याने भुवया उंचावून “तिकडे? रात्री भीती नाही वाटत?” असे विचारावे, आणि त्याची सारी माहिती पंचवीस वर्षांपूर्वीची, तीही ऐकीव असावी, याचा मला मनस्वी वीट आला आहे. पॅरिसमधील मारे हा भाग सतराव्या शतकात उमरावांचा होता, पुढे त्याला पार अवकळा आली, आणि १९६२ च्या कायद्याने जुन्या वास्तूंना संरक्षण मिळाल्यानंतर तो पुन्हा इतका वधारला की तेथील घर आता सामान्यांच्या आवाक्यात राहिलेले नाही. लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये १९५८ साली वांशिक दंगली उसळल्या होत्या. आज ते नाव श्रीमंतीचे समजले जाते. बरे, एका शहराचा आडाखा दुसऱ्या शहराला लागू पडेल म्हणावे, तर तेही नाही. अमेरिकेत ‘इनर सिटी’, म्हणजे शहराचा मधला भाग, म्हटले की गरिबी डोळ्यांसमोर येते, तर पॅरिसमध्ये तोच कलंक शहराबाहेरच्या ‘बाँलिय’च्या, म्हणजे उपनगरांच्या, माथी बसला आहे. सर्वांत संताप येतो तो मात्र भाव वाढताच “मी तेव्हाच म्हटले होते” असे बिनदिक्कत सांगणाऱ्यांचा, कारण नाके मुरडणारेही तेच होते.