बर्फाचे खडे आणि ट्री पिओनी : एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. (‘वयानं थोरला म्हणून सांगतो’ असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका.)

‘पुण्यात ट्री पिओनीच्या नादी लागू नका’ या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झापलंत. (ट्री पिओनी म्हणजे मोठाल्या फुलांचं, थंड प्रदेशातलं झुडूप.) थोडक्यात तुमचं म्हणणं असं: एका कुंडीत एक रोप मेलं म्हणून मी सगळ्या पुणेकरांना घाबरवतोय. सफरचंद गरम प्रदेशात लागतं, मग पिओनीनंच काय घोडं मारलंय? डिसेंबरात रोज मुळाशी बर्फाचे खडे टाकले की झालं. आणि शेवटी टोला: ‘तुम्हाला साधं कलम लावता येत नाही.’

टोला बरोबर बसलाय. आंब्याच्या, गुलाबाच्या कलमाचा जोड मातीच्या वर ठेवायचा, ही माझ्या हाताची सवय. ट्री पिओनीचं उलटं असतं. तिची काडी बहुतेक वेळा साध्या, लाकूड न धरणाऱ्या पिओनीच्या मुळावर बांधतात, आणि ते मूळ फक्त दाईचं काम करतं. जोड चार ते सहा इंच खाली गाडला, की काडीला स्वतःची मुळं फुटतात आणि झाड आपल्या पायावर उभं राहतं. मी जोड उघडा ठेवला, आणि लेखात ते सांगितलंही नाही. ही चूक कबूल.

पण फुलं त्यामुळे थांबली नाहीत. उलट पहिल्या वर्षी फूल आलं होतं! 2021 च्या डिसेंबरात डोंगरातल्या एका नर्सरीतून रोप मागवलं, मार्चमध्ये भाकरीएवढं गुलाबी फूल उमललं. सोसायटीतले लोक गच्चीवर फोटो काढायला आले. मीही छाती फुगवून उभा होतो. त्या फुलाचा डोळा (कळीचा कोंब) आदल्या उन्हाळ्यात तिकडेच धरला होता आणि उमलायला लागणारी थंडीही त्यानं तिकडेच खाल्ली होती, हे मला नंतर कळलं. मी फक्त पार्सल उघडलं होतं. दुसऱ्या वर्षी चार मरतुकडी पानं आली, तिसऱ्या पावसाळ्यात मुळं कुजली.

आता सफरचंद. तुम्ही म्हणता ते एचआरएमएन-99 हिमाचलमधल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी काढलं, आणि त्याची खासियतच ही की त्याला थंडी कमी लागते. म्हणजे सफरचंदाला गरम हवा शिकवली नाही, गरम हवेत निभावणारं सफरचंद निवडलं. पिओनीतही सोशिक जात आहे: ओस्टी. चीनच्या अनहुई प्रांतात तोंगलिंगला औषधी मूळसालीसाठी तिची शेती होते. पण तिथला जानेवारी आपल्या जानेवारीपेक्षा कितीतरी गार.

आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे 10-12 अंश, फार तर एखाद-दोन दिवस 7-8. झाडाला साधारण 5 अंशांच्या आसपासची थंडी हवी, तीही आठवडेच्या आठवडे. शिवाय पहाटे जी काही जमा होते, ती दुपारचे 29-30 अंश खाऊन टाकतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले अशी बातमी दरवर्षी येते, पण ती दोन-चार पहाटांची मजा.

म्हणून बर्फाचे खडे नकोत, काका. थंडी मोजतो तो काडीवरचा डोळा, आणि बर्फ पडतो मुळाशी. तासाभरात पाणी होतं, आणि ट्री पिओनीच्या जाड मुळांना सगळ्यात जास्त वावडं ओल साचण्याचंच. गंमत म्हणजे आपली चुनखडीची माती तिला चालते. चालत नाही तो जुलै.

चिनी लोक हे झाड हजार वर्षांहून जास्त काळ लावताहेत. लोयांगला एप्रिलमध्ये त्याची जत्रा भरते. तरी दमट, गरम ग्वांगझोऊत नववर्षाला कुंडीत पिओनी हवी, तर ते उत्तरेकडून थंडी खाल्लेली रोपं आणून फुलवतात. फुलं सरली की बहुतेक रोपांचं कामही सरतं. तेच जर असं करतात, तर आपण कशाला हट्ट धरायचा?

तरीही हट्ट मी धरलाय. ‘नादी लागू नका’ हे शीर्षक जरा चढ्या आवाजातलं होतं, ते बदलतो. दुसरं रोप आलंय. जोड या वेळी पाच इंच खाली, कुंडीत मुरूम भरपूर, आणि पावसाळाभर ती पत्र्याखाली. नोव्हेंबरात पानं हातानं काढून आख्खी कुंडी दोन महिने 4 अंशांवर ठेवायची आहे. घरच्या फ्रिजला साफ नकार मिळालाय, आणि तो योग्यच आहे: पिकत्या केळ्यांचा वायू कळ्यांना बाधतो, त्यामुळे फ्रिज रिकामाच हवा. आणखी एक सावधगिरी: निळ्या पिओनीच्या बिया विकणाऱ्या जाहिरातींना कुणी भुलू नये. खरा निळा रंग तिच्यात नाहीच, आणि साध्या बीपासूनही फूल यायला चार-पाच वर्षं जातात.

तर काका, तुमच्याकडे एखादा जुना, चालू फ्रिज पडून आहे का? कुंडी मी घेऊन येतो. बर्फाचा कप्पा तुमचा तुम्हाला.