फिरते न पंखा!

"फिरते न काका!" हे वाक्य यापुढे कोणी माझ्या कानावर घातलं, तर त्याला मे महिन्यात दुपारी दोन वाजता माझ्या पद्मिनीच्या बॉनेटवर बसवून अजनीपासून विमानतळापर्यंत नेईन. पहिल्या गिअरमध्ये.

गाडी वडिलांची. प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसी. वडील गेले, गाडी राहिली. विकून टाक म्हणणाऱ्यांना मी चहा पाजतो आणि विषय बदलतो. गाडीत एकच दुखणं, तेही तिच्या पिढीतल्या सगळ्याच गाड्यांचं. रेडिएटरचा पंखा वॉटर पंपाच्या नाकावर बसलेला आणि पट्ट्यावर फिरणारा. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन हळू तर पंखा हळू. म्हणजे गाडी साठच्या वेगाने पळत असते आणि समोरून फुकटची हवा मिळत असते, तेव्हा हा पठ्ठ्या जीव खाऊन फिरतो. सिग्नलला उभे राहा, हवेची खरी गरज पडते, तेव्हा हा म्हाताऱ्याने जपाची माळ ओढावी तसा ओढतो.

दुसऱ्या गावात चालून जात असेल. हे नागपूर आहे. 23 मे 2013 ला इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ भाजके दिवस, लागला की शहाणा माणूस डोक्याला दुपट्टा बांधतो, खिशात कांदा टाकतो आणि बाराच्या आत घरी पोचतो. मला मात्र नोकरीपायी दुपारी वर्धा रोडवरून जावं लागतं. तिथे वर मेट्रो, मधल्या मजल्यावर उड्डाणपूल, आणि खालच्या रस्त्यावर आपण, सिग्नलच्या नावाने बोटं मोडत. तीन सिग्नल झाले की काटा लालकडे झुकतो. मग मी भर उन्हात हीटर लावलेल्या अवस्थेत गाडी चालवतो, कारण हीटरही इंजिनचीच उष्णता ओढून घेतो. 44 अंशांत हीटर! शेजारच्या गाडीतली मंडळी काच खाली करून बघतात.

आधी गेलो नेहमीच्या मिस्त्रीकडे. त्याने काट्याकडे पाहिलं आणि निकाल दिला, "मीटर खराब आहे भाऊ, गाडी गरम नाही." त्याच क्षणी ओव्हरफ्लोच्या नळीतून वाफ निघत होती. 2024 च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश तापमान दाखवलं आणि नंतर सेन्सरच बिघडलेला निघाला, तेव्हापासून या शहरात कुठलाही काटा वर गेला की लोक काट्यालाच शिव्या घालतात. वाफ दाखवल्यावर दुसरा इलाज आला, "थर्मोस्टॅट काढून फेका न. नागपूरच्या गर्मीत त्याचं काय काम?"

अरे बाबा, थर्मोस्टॅटने तुझं काय घोडं मारलंय? इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही आणि साधारण 80-82 अंशांना दार उघडायचं, एवढंच तो करतो. एकदा उघडला की उन्हाळा काय आणि हिवाळा काय, तो कोणाच्या आड येत नाही. तो काढला तर डिसेंबरात, पारा दहाच्या खाली जातो तेव्हा, गाडी अर्धा रस्ता थंडच राहणार, चोक ओढून पेट्रोल पीत. पण गावातल्या निम्म्या जुन्या गाड्यांचे थर्मोस्टॅट असेच कुठल्यातरी गॅरेजच्या डब्यात पडलेले असतील.

शेवटी मनाशी ठरवलं, विजेचा पंखा बसवायचा. इंजिन हळू असो की जोरात, पाणी तापलं की तो पूर्ण ताकदीने फिरणार. नवा महाग, म्हणून कामठी रोडवरच्या एका भंगारवाल्याकडे गेलो. मारुती झेन गाडीचा पंखा मिळाला, 1100 रुपयांत. माझ्या संतापाची सुरुवात झाली ती इथे, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

पंखा दिला तो असा: वायर मोटरपासून दोन बोटांवर कापलेली. प्लग नाही. भोवतीचं प्लास्टिकचं कडं हातोडीने फोडलेलं, त्याचे तीन पाय शिल्लक, चौथा गायब. पाणी तापलं की पंखा लावणारा सोबतचा सेन्सर नाही, पंख्याचा मोठा करंट बटनाऐवजी स्वतःतून नेणारा रिले नाही. विचारलं तर म्हणे, "ते वेगळं असते." वेगळं कुठे असतं? त्याच गाडीत होतं ना? तीच गाडी तू फोडलीस ना? उत्तर कोपऱ्यातल्या पोत्यात होतं. वायरीतलं तांबं किलोवर जातं. म्हणजे दोन-पाच रुपयांच्या तांब्यासाठी या माणसाने हजाराच्या वस्तूचं मनगट छाटलं. त्या वायरला वीतभर शेपूट ठेवली असती तर माझी दोन संध्याकाळी आणि अर्धा डबा सोल्डर वाचला असता. त्या कड्यालाही काही किंमत असते. ते रेडिएटरला चिकटून बसतं म्हणून पंखा सगळ्या जाळीतून हवा ओढतो. ते फोडलं की पंखा स्वतःच्याच भोवतालची हवा घुसळत बसतो. मी हे सांगितलं तर त्याने दोन चिमटे घेतले, मोटर जुन्या बॅटरीला लावली, भर्रकन आवाज झाला आणि माणूस विजयी मुद्रेने म्हणाला, "चालू कंडिशन. फिरते न!"

पहिलं "फिरते न" हे.

दुसरं ऑटो इलेक्ट्रिशियनच्या पोराकडून. पोरगा हुशार, हात चपळ, पण डोळ्यांपुढे घड्याळ. पट्ट्याचा जुना पंखा काढायला त्याला कंटाळा आला, म्हणून त्याने नवा रेडिएटरच्या मागे बसवण्याऐवजी पुढे, जाळीच्या आत, हॉर्नच्या शेजारी बसवला. हेही चालतं, पण मग हवा ढकलायची असते. झेनमध्ये हा पंखा मागून हवा ओढतो. त्याने तो तसाच तोंड फिरवून पुढे लावला, जुन्याच वायरी जशाच्या तशा जोडल्या आणि बटन दाबलं. भर्र. "पाहा काका, फिरून राहिला."

फिरून राहिला, पण हवा येत होती बाहेर! मी जाळीसमोर रुमाल धरला. जाळीला चिकटायला पाहिजे तो रुमाल माझ्या तोंडावर आला. रेडिएटरची सगळी गरम हवा हा पंखा पुढे फेकत होता. गाडी उभी असताना एकवेळ ठीक, उलटी का होईना थोडी हवा हलते. पण गाडी चालू लागली की समोरून येणारा वारा एकीकडे आणि पंखा दुसरीकडे, दोघांचं मधोमध भांडण आणि रेडिएटर बिचारा त्या भांडणात उकळणार.

मी म्हणालो, अरे, हे उलटं आहे. तो म्हणाला, "काका, पंखा तो पंखाच. फिरते न?"

आता सांगा, हे नागपूरच्या पोराने म्हणावं? ज्या गावात पोरगं नीट वाचायला लागायच्या आधी कूलरच्या खसवर पाणी सोडायला शिकतं? कूलर खिडकीकडे पाठ करून ठेवायचा, वाळ्याच्या जाळीतून बाहेरची हवा आत यायची, हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही. उद्या तुझ्या आईने लावलेला कूलर घरातली हवा ओढून गल्लीत फेकायला लागला तर तू "फिरते न" म्हणून समोर झोपशील का रे?

मग त्याने वायरी अदलाबदल केल्या. डीसी मोटर आहे, वायरी बदलल्या की फिरकी उलटते, हे बरोबर. रुमाल जाळीला चिकटला. पण कसा, तर ओल्या पापडासारखा, कधीही गळेल असा. कारण पात्यांचा बाक एकाच दिशेसाठी घडवलेला असतो. त्यांना उलटं फिरवलं की हवा योग्य बाजूला जाते खरी, पण अर्धीमुर्धी, आणि आवाज मात्र दुप्पट. इलाज हा की वायरी बदलायच्या आणि पातंही शाफ्टवर उलटं बसवायचं. ते इथे शक्य नव्हतं. पात्याच्या मधली वाटी मोटरच्या डोक्यावर टोपीसारखी बसते. उलटी केली की ती शाफ्टला धरतच नाही. हे समजावून सांगताना माझ्या लक्षात आलं की पोरगा माझ्याकडे पाहत नसून माझ्या मागे उभ्या असलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहतोय.

वायरिंगचं तर बोलायलाच नको. बोलतो तरी. बटन म्हणून त्याने डॅशबोर्डखाली घरातलं पांढरं बटन ठोकलं होतं. बाथरूमच्या दिव्याचं असतं ना, तेच. 6 अँपिअरचं. मी घरी मीटर लावून पाहिलं तर पंखा साडेनऊ अँपिअर खात होता, आणि सुरू होतानाची उडी त्याच्या दुपटीहून जास्त. रिले नाही. फ्यूज नाही. वायर दोऱ्यासारखी बारीक. अर्थ रंगावर! बॉडीच्या रंगावरच स्क्रू आवळलेला, खरवडायचेही कष्ट नाहीत. त्या बटनातून अख्खा करंट, तोही डीसी, ज्याची ठिणगी बटन बंद करताना लवकर विझायला तयार नसते.

व्हायचं ते झालंच. मे महिना म्हणजे लग्नं. कामठीहून एका लग्नातून परत येत होतो, सौ. शेजारी, मागे सासूबाई आणि आहेराच्या पिशव्या. सौ. म्हणाली, "अहो, काहीतरी जळतंय." मी आपला बाहेरच्या कचऱ्याला दोष देत होतो. तेवढ्यात डॅशबोर्डखालून प्लास्टिकचा धूर आला आणि ते पांढरं बटन मेणासारखं ओघळलेलं दिसलं. गाडी बाजूला घेऊन बॅटरीची तार काढली. वायरीत फ्यूज नव्हता म्हणजे पुढची पायरी आग होती, आणि वर कार्ब्युरेटर पेट्रोलचा. सासूबाई रस्त्याच्या कडेला, भर उन्हात, पैठणीत. त्यांनी शब्दही काढला नाही. शब्द काढला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या पोराला बटन नेऊन दाखवलं. "काका, बटन लोकल होतं. पंखा तर फिरते न?"

त्या रविवारी सगळं उचकटलं. पट्ट्याचा जुना पंखा वॉटर पंपावरून काढला, मागची जागा मोकळी झाली. तरी मोटर सरळ मधे बसत नव्हती, पंपाची पुली आडवी येत होती, म्हणून पंखा एका बाजूला सरकवून पत्र्याच्या पट्ट्यांवर उभा केला. फुटलेलं कडं पत्रा आणि रिव्हेटने जोडलं. आता ओढतो, मूळ दिशेने, पात्याच्या बाकाप्रमाणे. चार स्क्वेअरची जाड वायर, 40 अँपिअरचा रिले, बॅटरीजवळ 20 अँपिअरचा फ्यूज. रिलेवर 30, 87, 85, 86 असे आकडे स्पष्ट छापलेले असतात. ज्याला मोबाईलवर क्रिकेटचा स्कोअर वाचता येतो त्याला हेही वाचता येतं.

राहिला सेन्सर. झेनचा मिळाला नाही, 92 अंशांना लागून 87 ला सुटणारा एक बाजारात मिळाला. पद्मिनीत तो बसवायला भोक नाही. मग एका खरादवाल्याकडून वरच्या होजमध्ये घालायचा पितळी तुकडा करून घेतला, आट्यांसकट. त्याने तो सुबक केला, पैसेही माफक घेतले, आणि एकदाही "फिरते न" म्हणाला नाही. त्याचा मी ऋणी आहे. बसवलं, गाडी तापवली, काटा वर, आणखी वर, पंखा ढिम्म. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की सेन्सरला एकच टोक आहे. दुसरं टोक त्याची बॉडी, जी इंजिनच्या धातूला टेकून अर्थ घेते. माझा पितळी तुकडा दोन्हीकडून रबरात! अर्थ येणार कुठून? तुकड्याला एक क्लिप आवळून वायर चॅसिसला नेली, रंग खरवडून. ही चूक माझी. तिच्याबद्दल दुसऱ्या कोणाला शिव्या घालता येत नाहीत याचाही राग आलाच.

आता सिग्नलला काटा मधोमध थांबतो. फक्त मोटरजवळचा तो कापलेला जोड मला टोचत होता. टेपने बांधलेला, पावसाळ्यात पाणी धरणारा. म्हणून परवा पुन्हा कामठी रोडला गेलो, म्हटलं, निदान मूळचा प्लग तरी मिळतो का बघू. मी दुकानात उभा, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो माणूस दुसऱ्या एका पंख्याची वायर कटरने छाटत होता. दोन बोटांवर. मी ओरडलो. तो दचकून म्हणाला, "पूर्ण पाह्यजे होता का? मंग सांगाचं न भाऊ!"

मग पोत्यात हात घालून त्याने मूठभर कापलेले प्लग काढले. त्यात माझाही होता, राखाडी, दोन पिनांचा, वीतभर शेपटीसकट. माझ्याच पंख्याचा असेल, कोण जाणे. पन्नास रुपये सांगितले. मी मुकाट्याने दिले.

पैसे खिशात टाकून तो म्हणाला, "चालू कंडिशन आहे. बॅटरीला लावून दाखवू?"