लिफ्टमधल्या वजनाबद्दल खुलासा
'लिफ्ट वर जाते तोवर वजन जास्त, खाली येते तोवर कमी' असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. काट्यावर फरक पडतो तो वेग बदलताना, दिशेमुळे नाही. 60 किलोचा माणूस काट्यावर उभा असताना लिफ्ट 1 मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने (म्हणजे दर सेकंदाला वेग 1 मीटर प्रति सेकंदाने वाढवत) वर निघाली, तर काटा 66 च्या आसपास जाईल. वेग स्थिरावला की, वरच जात असूनही, पुन्हा 60. तितक्याच मंदनाने (म्हणजे त्याच दराने वेग कमी करत) थांबताना 54! उतरताना नेमकं उलट. पृथ्वीची ओढ तेवढीच राहते; बदलतो तो पायांखालचा रेटा. स्प्रिंगचा काटा लिफ्टमध्ये ठेवून मी स्वतः पाहिलंय: वर निघताना सुई झटकन पुढे जाते, मग जागेवर येते. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, मुलं तेच पाठ करतात.