खुलासा : चरणजित सिंग आणि ‘अ‍ॅसिड हाऊस’चा मेसेज

‘अ‍ॅसिड हाऊस मुंबईत जन्मलं, शिकागोच्या पोरांनी चरणजित सिंग यांची रेकॉर्ड ऐकून ते उचललं’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. (अ‍ॅसिड हाऊस म्हणजे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा एक प्रकार.) अर्धा भाग खरा आहे, आणि तोच जास्त रंजक आहे.

‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ती एलपी (लाँग-प्ले रेकॉर्ड) १९८२ची. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या सिंग यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं वापरली : ठेक्याला टीआर-८०८, बेसला टीबी-३०३, रागाच्या सुरावटीला ज्युपिटर-८. भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस... एकेका रागाला जेमतेम पाच मिनिटं. (कलावती चुकवू नका.)

शिकागोच्या फ्यूचर या गटाचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७चं. त्यांनी ही एलपी ऐकल्याचा पुरावा नाही. ती तेव्हा फारशी खपली नव्हती. बोलबाला झाला तो २०१०च्या पुनर्प्रकाशनानंतर. साम्य येतं ते यंत्रामुळे. ३०३च्या सोळा पायऱ्यांच्या सिक्वेन्सरमध्ये (आधी भरलेले सूर ओळीने आपोआप वाजवणारा भाग) ‘स्लाइड’ दिली की एक सूर दुसऱ्यावर घसरतो. सिंग यांना त्यात मींड सापडली. फ्यूचरने मात्र सिक्वेन्स चालू ठेवून कटऑफ आणि रेझोनन्सची, म्हणजे आवाजाचा पोत बदलणारी, बटणं फिरवली. अ‍ॅसिडची ती किंचाळी तिथून आली. पाठोपाठ ऐका, हेतूतला फरक लगेच कळतो.

ही रेकॉर्ड एका ब्रिटिश संगीतकाराने रचलेली थाप आहे, ही उलटी अफवाही खोटी.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. त्याऐवजी रेकॉर्डच पाठवा.